पिंगुरे-सान

वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी माझं आडनाव
आधी पेन्सिलीनं हलकं लिहून पाहिलं,
मग वाचून दाखवलं: पिंगुरे.
मी म्हटलं, पिंगळे.
हाय, पिंगुरे, त्या म्हणाल्या.
हाय म्हणजे हो.
माझ्या आजोळी हाय म्हणजे आहे.
म्हटलं, हाय तर हाय.

ळ तसा पासपोर्टातच गळला होता,
त्याचा ल झाला होता,
इथे पोचेतो र.
शिक्केवाल्याकडे तयार नावांचं गोल कपाट फिरत होतं.
माझ्या नावाला चार दिवस लागले.
करंगळीच्या पेराएवढ्या वर्तुळात चार अक्षरं,
पाहुण्यांसारखी अंग चोरून बसलेली.

ओसाकात घर शोधताना
एजंट ओकुमुरा फोनवरसुद्धा कमरेत वाकायचा.
मला एकच शब्द कळायचा, गाइकोकुजिन,
आणि त्यानंतरची शांतता.
चौथा मालक हो म्हणाला.
त्याचे आभार म्हणून एक महिन्याचं भाडं, परत न मिळणारं.
कशासाठी? विचारलं.
ओकुमुरा म्हणाला, पद्धत आहे.
पद्धत म्हटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

इकुनो. तिसरा मजला. साडेचार चटयांची खोली,
खाली दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारं यंत्र.
कचऱ्याचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं,
तरी दुसऱ्याच आठवड्यात माझी पिशवी
पिवळी चिठ्ठी लावून तिथंच ठेवलेली.
संध्याकाळी ती दारात होती.
कुणीतरी बाटल्या वेगळ्या काढून
धुतल्या होत्या, झाकणं काढली होती,
आणि लोणच्याची बरणी, रिकामी,
तेलाचा वाससुद्धा जाईपर्यंत.

दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी. पाटी: कुरोकावा.
जिन्यात भेटली की म्हणते, अत्सुई ने.
उकडतंय ना.
तो शेवटचा ने मला शिकावा लागला नाही.
क्रियापद येईपर्यंत कळ काढायची
सवयही आम्हा दोघांना जन्माची.

मग नोव्हेंबरात पोस्टमन चुकला.
माझ्या पेटीत पत्र, पत्ता तिचा, नाव भलतंच.
खाली नेऊन दिलं.
तिनं चष्मा लावला, काढला.
ह्यॉन, ती म्हणाली,
आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बाप चेजू बेटावरून बोटीनं आला.
ती याच गल्लीत जन्मली, चपलांच्या कारखान्यावर.
अठ्ठ्याहत्तर वर्षं.
कुरोकावा दुकानासाठी, शाळेसाठी, पाटीसाठी.
पर्समधून तिनं कार्ड काढलं,
मीही माझं काढलं.
माझं तीन वर्षांनी बदलायचं, तिचं सात.
टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून आम्ही जरा वेळ पाहिली,
पत्ते खेळताना शेवटचा हात उघडावा तशी.

आता तुझं सांग, ती म्हणाली. खरं.
पिंगळे.
पिंगुरे.
नाही, जीभ मागे, टाळूला.
ती थांबली. तोंडातल्या तोंडात काही शोधलं.
आईची भाषा विसरले, म्हणाली,
दोन-चार शब्द उरलेत. चंद्र: दळ.
आणि नळाकडे हात करून,
पाणी: मुळ.

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.
मुळ, ती म्हणाली.
ल नव्हता तो.
ळ होता असंही शपथेवर सांगणार नाही,
पण माझ्या मानेवर काटा आला
आणि मी उगाच नळाकडे बघत राहिलो.

पिंगळ, ती म्हणाली. पिंगळ-ए.
आणि हसली, आणि मला म्हणाली,
तुझ्या बरणीतलं ते काय होतं?
तीनदा घासली मी.
पुढच्या वेळी भरलेली आण.