पहिली वेलांटी

पहिली वेलांटी लिहायची आधी
आणि म्हणायची नंतर.
पहिलीत सांगितलं असेल कुणी.
मी तेव्हा खिडकीबाहेरच्या बोरीवरचा
पोपट बघत असेन.

आता आठवीत आहे.
'किती'मध्ये कोण आधी, कोण नंतर
हे ठरेपर्यंत
बोरकुटे सर पुढच्या बाकावर गेलेले असतात.
घ आणि ध. भ आणि म.
थ आणि य तर सख्ख्या जावा,
एकीला हाक मारली की दुसरीच ओ देते.

संत्र्याला पाणी सुरू झालं की
बाबांच्या दुकानात जळक्या मोटरी येतात.
मी तार भरते, बेचाळीस वेढे,
आजवर एकही चुकला नाही.
दुकानाच्या पाटीवर काय आहे
ते मला पाठ आहे.
वाचलेलं नाही.

धडेही तसेच.
शेजारची प्रणोती पुटपुटत वाचते,
मी कानात भरून ठेवते,
पाळी आली की पुस्तक नाकासमोर धरून
कानातलं ओतते.
एकदा सरांनी मधलंच पान उघडून दिलं.
मी भलत्याच पानावरचं धडाधड म्हणत सुटले.
वर्ग फुटला हसून.
सर हसले नाहीत,
त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या रात्री झोप नाही.
सकाळी आशाताईंच्या दारात गेले.
ताप मोजतात, थुंकी तपासायला नेतात,
पोटातल्या बाळाचं वजन सांगतात,
अक्षरांचंही ठेवत असतील काही.
"डोये दाखव आधी," म्हणाल्या.

शिबिरात डॉक्टरांना म्हटलं,
दिसतं सगळं.
तुमच्या बुटावरची मुंगीसुद्धा दिसते.
पण मुंगीसारखंच अक्षरही
जागेवर थांबत नाही.
डॉक्टरांचा पेन थांबला.
मग चिठ्ठी: वरूड, पंचायत समिती, बुधवार,
ठवकर मॅडम.

स्टँडवर बाबांनी चिठ्ठी घेतली,
घडी केली, परत माझ्याच हातात दिली.
समोरच्या गाडीला केवढी मोठी पाटी,
तरी ड्रायव्हरला विचारलं,
"वरूड का गा?"
नेहमीच विचारतात.
नेहमीच ऐकते मी.
त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

मॅडमच्या टेबलावर फॉर्म, चार पानी.
वाचता येत नाही हे सांगायला
चार पानं वाचायची.
मी बघत राहिले तशी त्यांनी तो उपडा ठेवला.
"कपाटातला क काढला, काय राहिलं?"
पाट, म्हटलं. आमच्या वावराजवळून जातो.
त्या हसल्या. पुढचे तीन मात्र आले नाहीत.
त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी टिपलं.

"पक्कं अमरावतीला तपासल्यावरच सांगता येईल.
पण डिस्लेक्सिया म्हणतात, तसं असावं."
मी तो शब्द लिहून मागितला.
दोन जोडाक्षरं,
आणि पहिल्या वेलांट्या दोन!
ज्यांना वाचता येत नाही
त्यांच्याच दुखण्याला असलं नाव?
ठेवणाऱ्याची शिकवणी लावायला पाहिजे.

"आळशी नाई ना ते?" बाबांनी विचारलं.
"नाही."
"आन ढ?"
"अजिबात नाही."
दारापर्यंत गेले,
चपलेत पाय घालता घालता
पाठमोरेच म्हणाले,
"मोठ्या माणसालेही असते का हे, मॅडम?"

मॅडम काय म्हणाल्या
ते मी ऐकलं,
पण ते बाबांचं आहे.

परतीला स्टँडवर गाडी लागली.
बाबांनी कुणालाच विचारलं नाही,
नुसतं माझ्याकडे बघितलं.
मी पाटी वाचायला घेतली.
पहिलं अक्षर सुटलं,
दुसऱ्याला काना होता की काय होतं
ते बघते आहे तोवर
कंडक्टरनं डबल घंटी मारली.
गाडी धूळ उडवत गेली,
आमचीच होती.

"जाऊ दे," बाबा म्हणाले
आणि कट्ट्यावर बसून चुन्याची डबी काढली.
"दुसरी येते अर्ध्या घंट्यानं.
तू वाच बरोबर."