चुकता किती

सोमवारी ना लोखंड दाखवलं, ना आग.
देवगडच्या दक्षिणेला, सड्यावरच्या जांभ्याच्या बराकीत
वीस खुर्च्या, एक पंखा, आणि परकार सर.
फळ्यावर त्यांनी हातानेच वर्तुळ काढलं
आणि ते जमलं.
म्हणाले, शंभर सोडलीत
तर पन्नास याच्या आत पडतील.
याला अचूकता म्हणतात. उतरवून घ्या.

मी उतरवून घेतलं.
उरलेल्या पन्नासांचं कोणी विचारलं नाही,
कारण चहा आला.

मंगळवारी वजन.
इंधनवाल्यांना जागा हवी, बॅटरीवाल्यांना हवी,
प्रत्येकाचं आपापल्या ग्रॅमसाठी भांडण.
यड्रावकर म्हणाला, आमच्या घरच्या वाटणीसारखंच की.
सर हसले नाहीत.
वाटणीत भाऊ दुरावतात, म्हणाले,
इथे गुरुत्वमध्य सरकतो.

बुधवारी जायरो.
खोका कसाही कलवा, आतलं चाक दिशा सोडत नाही.
बाहेर बघायचं नाही, कोणाला विचारायचं नाही,
निघालो कुठून, वळलो किती
एवढ्या आठवणीवर पोचायचं.
फक्त ही आठवण सेकंदासेकंदाला
केसभर वाहवत जाते.
गणित आहे त्याचं. पान बावीस.

माझे बाबा खडक चुकवतात
देवळाचा कळस आणि टोकावरचा माड
एका रेषेत धरून.
माड वादळात पडला त्याला सात वर्षं झाली.
ते अजून धरतात.
वहीच्या समासात मी माड काढला,
खाली चूक किती ते लिहायला गेले
आणि आकडा सुचेना.

गुरुवारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, रडारचा पडदा.
हिरवा चुरा सगळीकडे, चाळणीतून सांडल्यासारखा.
हा समुद्राचा गोंधळ, सर म्हणाले,
लाटा, पक्षी, पाऊस, मच्छीमार.
आपल्याला हवी ती वस्तू एकच.
बटण दाबलं. लाटा गेल्या. पक्षी गेले.
वायव्येला आठ मैलांवर पाच ठिपके उरले,
जरा सरकायचे, मग थांबायचे,
जाळं ओढताना होडी थांबते तसे.
पुन्हा बटण.
पडदा धुतलेल्या ताटासारखा.

मी हात वर केला.
सर, ते आहेत अजून.
असणारच, म्हणाले, पुसलं ते आपलं बघणं.
खडू खिशात टाकला (खिसा आतून पांढराच असणार)
आणि दाराशी जाऊन थांबले.
हे परीक्षेत येत नाही, तारी.
पण तुम्ही विसरू नका.

शुक्रवारी मला एकटीलाच काम दिलं.
चाचणीच्या दिवशी बंद राहणारा दर्या
कागदावर चार कोपऱ्यांचा होता,
अंश, मिनिटं, सेकंद.
गाबीतवाडीला समजेल असा लिही.
मी लिहिलं:
मंगळवारी पहाटे चारपासून दुपारी दोनपर्यंत
कळस आणि टोकाचा माड एका रेषेत येतात
त्याच्या पलीकडे कोणी होडी नेऊ नये.
सरांनी वाचलं. कुठला माड?
पडला, सर.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि सही केली.

रात्री बाबांचा फोन, मागे इंजिनाची धडधड.
काय शिकवतत गो थंय?
मी सुरुवात केली, पल्ला, वेग, दिशा…
मधेच तोडलं त्यांनी.
मारता खंय ता सांगू नको.
चुकता किती ता सांग.

शंभरात पन्नास वर्तुळात पडतात, बाबा.
आणि उरलेली?
मी पान उलटलं. पुढचं कोरं होतं.
बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

मग म्हणाले,
बांगडो बरो गावलो हा.
रविवारी येतलंस मां?