दहा पावलं

सेलूत माझ्या टेबलाखाली पिठाची गिरणी आहे.
म्हणजे खाली काकांचं दुकान, वर मी,
आणि मधली फरशी दिवसभर थरथरते.
सुरुवातीला मी माईक बंद ठेवायचे.
एकदा विसरले, आणि उदगीरहून सोपाननं विचारलं,
‘ज्वारी चालू हाय का गहू?’
ज्वारीच होती.

चौघं मिळून एक अक्षरसंच काढतोय आम्ही,
बसस्टँडच्या पाट्यांसाठी.
मोतीबिंदूवाल्याला, उन्हात उभ्या असलेल्याला,
सुटत्या गाडीमागं पळणाऱ्याला वाचता यावा असा.
जालन्यात निखत. उदगीरला सोपान.
हिंगोलीत कयाधू, नदीचंच नाव ठेवलेली, सगळ्यात नवी.
एका खोलीत अजून कधी बसलो नाही.

अडलं ते ळ पाशी.
निखतचा ळ बोरूचा, कललेला,
उर्दूच्या पायऱ्या नुकत्याच उतरून आल्यासारखा.
सोपानचा म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकं.
माझी गाठ घट्ट.
फाईल एक, पडदे चार;
माझ्याकडं काळं ते सोपानकडं राखी.
‘दिसायलंय की नीट.’
‘मला नाय दिसायलं.’
‘मग डोळे दाखव कुणाला तरी.’
कयाधू मधूनच म्हणायची, ‘गाठीत गोळा होतोय.’
असे तीन आठवडे.

शेवटी निखतनं नियम घातला:
पडदा मिटायचा. अक्षर छापायचं, भिंतीला लावायचं,
दहा पावलं मागं जायचं, मग तोंड उघडायचं.
सोमवारी अकराला, चौघांनी, एकाच वेळी.
तिनं दवाखान्याच्या भिंतीला लावलं, कयाधूनं शाळेच्या.
सोपाननं उभ्या टेम्पोला,
आणि तो टेम्पो अहमदपूरकडं निघून गेला.

पण दहा पावलं म्हणजे किती?
सोपान सहा फूट. कयाधू सांगते,
दहावीपर्यंत तिचा पहिला बाक सुटला नाही.
‘टेपनं मोजू,’ सोपान म्हणाला.
‘बस पकडणारा टेप घेऊन येतो का?’ निखत म्हणाली.
तर प्रत्येकानं आपल्या पावलाएवढी सुतळी कापली,
सगळ्यांसाठी एकेक,
आणि एसटीच्या पार्सलनं धाडली.
निखतची गोळ्यांच्या पाकिटात, वर लिहिलेलं: निखतचं एक पाऊल.
सोपानच्या सुतळीला गुळाचा वास.
कयाधूची इतकी आखूड
की मला वाटलं, वाटेत तुटली.
तिन्ही खिळ्याला अडकवल्या. त्यांच्यावर पीठ बसत गेलं.

गुरुवारी गिरणी थांबली. लाईट गेली.
आवाज तुटला की तिकडं तिघंही पेन्सिली खाली ठेवतात.
हे कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं.
मी जिना उतरताना कयाधूची सुतळी घेतली,
का ते सांगता येणार नाही.
स्टेशन रोडच्या भिंतीवर आमचा ळ होता.
वाकून वाकून, सुतळी टाकत, दहा मोजले.
केळीवाला म्हणाला, ‘प्लॉट पाडायलीस का?’
‘नाय मामा, अक्षर बघायले.’
‘बघ बाई.’

उभी राहिले. माझ्या रोजच्या जागेच्या
कितीतरी अलीकडं.
दोन गोल जिथं मिळतात तिथं
शाईचा काळा गोळा.
लांबून अक्षर वाटायचं. इथून डाग.
तीन आठवडे एक मुलगी हेच सांगत होती
आणि आम्ही तिघं म्हणत होतो, शिकेल हळूहळू.

रात्री लाईट आली. गाठ केसभर सैल केली,
फाईलखाली लिहिलं: कयाधूच्या पावलानं पाहून.
बऱ्याच वेळानं सोपानचा निरोप,
‘मीबी बघतो. पण तिची सुतळी सापडंना.’
निखतनं नुसता एक ळ पाठवला, बोरूचा, सैल.
कयाधूचं काहीच नाही.

सोमवारी अकराला पाच कमी,
सगळ्यांच्या आधी ती आली.
जरा वेळ खालचा आवाज ऐकत राहिली.
‘आज गहू?’
‘नाही गं,’ मी म्हटलं, ‘डाळ.’