शेड कार्ड

महाप्याच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या मजल्यावर
चोवीस खळग्यांच्या ट्रेमध्ये मी पेशी सांभाळते,
डोळ्याच्या पडद्यामागच्या.
एक दिवसाआड त्यांचं पाणी बदलते.
गुलाबी असतं ते, त्याला मोठं नाव आहे,
पण घरी मी पाणीच म्हणते.

एका कप्प्यात निळा दिवा, एकात हिरवा, एकात लाल.
चौथ्यात अंधार, तुलनेपुरता.
निळ्याखालच्या लवकर दमतात,
एकमेकींच्या कडा सोडतात, गोल होतात,
आणि तळ सुटून तरंगू लागतात.
वहीत मी त्यांना ‘गेलेल्या’ लिहिते.
लाल दिव्याखालच्या अजून धरून आहेत.
सर बजावतात, डिशमधलं डिशपुरतं खरं.

अण्णा तुर्भ्याच्या शाईच्या कारखान्यात
एकतीस वर्षं शेड जुळवायचे.
दिव्याच्या पेटीत मान घालून म्हणायचे,
“पिवळा अर्धा थेंब जास्त झालाय.”
आणि झालेला असायचा.
आता त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध
एक डाग राहायला आलाय,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.
माझा चेहरा दिसावा म्हणून
ते माझ्या कानाकडे बघतात.

संध्याकाळी चप्पल काढायच्या आत विचारतात,
“निळ्यातल्या किती गेल्या?”
मी आकडा सांगते.
गावात कुणी गेल्याची खबर यावी
तशी मान हलवतात.
“आणि लालवाल्या?”
“आहेत.”

परवा जेवताना मधेच म्हणाले,
“आमच्या पेटीतली ट्यूब निळसरच होती गं.”
माझा घास हातातच राहिला.
“डॉक्टर म्हणालेत ना अण्णा, वय. आणि विड्या.”
“विड्या सोडून बावीस वर्षं झाली.”
मग बराच वेळ ताटात आमटी चाचपडत राहिले.
“पण ट्यूब चांगली होती.
तिच्याशिवाय खरा रंग दिसायचा नाही.”

घणसोलीत सूर्य उशिरा येतो,
पारसिकचा डोंगर चढून यावं लागतं त्याला.
अण्णा तोवर ओट्यावर बसून असतात.
“कसा आहे आज?”
“लाल.”
“लाल म्हणजे कुठला लाल?
काम करतेस ना तू दिव्यांचं?”

मी आत जाऊन त्यांचं जुनं शेड कार्ड आणते,
कोपरे झिजलेलं, अजून शाईचा वास असलेलं,
आणि पट्टी पट्टी आभाळाला लावून बघते.
एकशे बारा नाही. एकशे चौदाही नाही.
“जुळत नाही, अण्णा.”

“अर्धा थेंब पिवळा घाल,”
माझ्या कानाकडे बघत ते म्हणतात.