नाकाच्या शेंड्याला

मिस्किटांची गाडी घेतली
तेव्हा त्यांची उंचीही घ्यावी लागली.
सहा फूट दोन इंच.
गोराईच्या अंगणात ताडपत्रीखालून बाहेर आली ती
कागदपत्रं, दोन किल्ल्या, पंक्चरचा डबा,
आणि पुढे ही काच (काच कसली, ॲक्रिलिक)
माझ्या कपाळाच्याही वर गेलेली.
"लेह बघून आलीय," ते म्हणाले.
गाडी की काच, कळलं नाही.

दोन महिने मी रस्ता त्यांच्या ओरखड्यांमधून पाहिला.
दिवसा चालून जायचं.
रात्री ऐरोलीच्या पुलावर समोरून ट्रक आला
की एकेक ओरखडा पेटायचा,
कोळ्याचं जाळं, आणि मधे मी,
हेल्मेट घातलेली माशी.

काढूनच टाकली एकदा.
वारा छातीवर बसला तो खोपोलीपर्यंत उतरला नाही.
मग कुणाची तरी आखूड आणून लावली.
ती वारा अडवायची नाही, नुसती वाट दाखवायची त्याला,
नेमकी माझ्या हेल्मेटच्या खालच्या कडेत.
साठच्या पुढे डोकं हलायचं,
हो म्हणतेय की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, सायलेन्सरच्या ढिगामागे
हनीफ तुंगेकर ॲक्रिलिक कापतात.
दानपेट्या, बेकरीची कपाटं, दवाखान्यांच्या पाट्या,
आणि मधूनच अशी एखादी काच.
"बसा गाडीवर."
बसले.
त्यांनी टेप खिशातून काढलीच नाही.
"रस्त्यावर अशा बसता?"
मी गप्प.
"मापाला आलं की जो तो ताठ होतो, ताई.
शिंप्याकडे पोट आत, माझ्याकडे पाठ सरळ.
या मापाने कापली
तर तासाभरात कड तुमच्या डोळ्यांसमोर येईल.
जा, पळस्प्याला वळसा घालून या.
मधे थांबू नका. चहा तर नकोच,
चहाने माणूस दोन बोटं वाढतो."

गेले.
मानखुर्दचा धूर, खाडीवरचा आडवा वारा, बेलापूरची चढण.
कळंबोलीला मणके एकेक करून खाली बसले,
वक्ता लांबला की सभा बसते तसे.
परतताना खांदे उतरले, हनुवटी पुढे आली,
कुणाला बरं दिसायचं
हे वाशीच्या अलीकडेच कुठेतरी सुटलं.

तशीच दुकानासमोर थांबले. इंजिन चालू.
"हलू नका," हनीफभाई धावत आले,
"हीच तुमची उंची."
नाकाच्या शेंड्यापासून सरळ रेघ,
काचेवर पिवळी चिकटपट्टी.
"रस्ता काचेवरून बघायचा, काचेतून नाही.
काच वाऱ्यासाठी. डोळ्यांचं डोळे बघतील."

करवत चालली. जळक्या साखरेसारखा वास.
कड घासून, बोट फिरवून, पुन्हा घासून
वरचा तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला,
पाच बोटांचा, कमानदार,
लेहच्या ओरखड्यांसकट.

मिस्किटांना फोन केला, हवाय का म्हणून.
"किती कापलीत?"
सांगितलं.
पलीकडे जरा वेळ नुसता पंखा.
"मीही आता तेवढाच असेन," म्हणाले,
आणि मांजर दुधाला आलंय सांगून फोन ठेवला.

काल रात्री फ्रीवेवर, शिवडीच्या अंधारात,
डोकं स्थिर, कानाशी फक्त एक बारीक घूं.
डावा हात हेल्मेटच्या वर नेला.
होता तिथे वारा,
माझ्याशी काही न बोलता मागे चाललेला,
कुण्या उंच माणसाच्या
चेहऱ्याच्या पातळीवरून.