जकातनाक्यावरच्या कारकुनाचा पोरगा

त्याचं नाव इनास मास्तर दर वेळी वेगळं उच्चारायचे.
स्पेनचा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता,
मीही नाही. वडगावात मागावरून उठून
मी सायकलनं कॅम्पात यायचो, बोटांना खळ चिकटलेली.
"हात धू आधी. तारा काय धोतर आहेत?"

पुस्तक एकच, कुणी पाद्री जाताना ठेवून गेलेला.
त्यात तो पाच वर्षांचा, बाप जकातनाक्यावर कारकून,
घरात एक भाषा, शाळेत दुसरी,
अंगाई तिसरीतच, जी कुणी लिहून घेतली नाही.
"म्हणजे आपल्यातलाच की," मी म्हणालो.
मास्तर हसले नाहीत. खुंटी पिळत राहिले.

पुढं तो बंदरातल्या खानावळीत पियानो वाजवतो,
पण डोक्यात गिटार:
वर एकच स्वर टकटकत ठेवायचा
आणि गाणं खालून अंगठ्यानं चालवत न्यायचं.
सहा मात्रा. कधी दोनदा तीन, कधी तीनदा दोन.
"पाय चुकला असं वाटाय पाहिजे. चुकाय नको."
हे मला लगेच आलं.
आमच्या घरी दोन माग होते, त्यातला एक जुना.

स्वरलिपीत परक्या भाषेत 'सावकाश' लिहिलेलं होतं म्हणे.
त्यावर मास्तरांची पेन्सिल: निधान.
पुढच्या पानावर: ल्हवू.
त्याच्या पुढं नुसतं माझं नाव, खाली दोन रेघा.

एकदा भिंतीपलीकडून शांतव्वा अंगडी आल्या,
मिरच्यांचं सूप हातात तसंच.
"भैरवी वाजवायलाय काय, मास्तर?"
थांबून ऐकलं.
"आणि हा गांधार? उतरताना कोमल,
मुक्कामाला शुद्ध कसा झाला?"
"त्याची खोड आहे ती, बाई."
"असू दे. पण सुरुवातीलाच भैरवी?
मग मैफल संपवणार कशानं?"

मास्तरांनी पुस्तक उघडून दाखवलं.
पान एकशे बारा. त्याला खोकला लागलाय,
डॉक्टर खेचरावरून घाट चढतोय,
आणि पुढं वाळवीचे बोगदे.
"संपवत नाही," म्हणाले. "पानंच नाहीत."

मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली.
गिटार माझ्याकडं आहे,
तिसरी तार फिश मार्केटातल्या गळाच्या दोरीची.
लाईट गेली की गल्लीभर माग थांबतात,
तेवढ्यात वाजवतो.
कारकुनाच्या पोराचा खोकला अजून तसाच,
डॉक्टर अजून घाटात.

लाईट आली की
जुना माग आधी चालू होतो.