कधीतरी

फॉर्मवर तीन चौकोन असतात :
रोज. कधीतरी. कधीच नाही.
ग्रिम्सबीत रोजचं कुणीच नसतं.
सगळी गर्दी मधल्या चौकोनात.

मी खुर्चीच्या डाव्या अंगाला, लाळ ओढायची नळी धरून.
डॉक्टर ओगुनले आकडे सांगतात, मी टाइप करते :
वरचा सहावा, आतून झिजलेला.
खालचा चौथा, तडा.
माणूस फॉर्मवर काहीही लिहो,
शेवटी त्याला आ करावाच लागतो.

रीस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढतो.
दोन आठवडे बोटीवर. दारूचा थेंब चालत नाही, तपासणी होते.
म्हणून ओठाआड निकोटिनची पांढरी पुडी,
एक संपेस्तोवर दुसरी.
तिथली हिरडी
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी.
आणि किनाऱ्यावरचे दोन आठवडे?
त्यांच्यासाठी फॉर्मवर ओळच नाही.

मिंडाउगास हॅडॉकचे काटे काढतो, पहाटे चारपासून.
पट्टा मिनिटाला अठ्ठावीस मासे आणतो,
डोळा लागला तर सुरी बोटात.
चार कॅन पितो दिवसाला, म्हणतो, सरबत आहे ते.
त्याच्या दातांच्या कडा काचेच्या झाल्यात,
दिवा धरला की आरपार दिसतं.

कोर्टनी वृद्धाश्रमात रात्रपाळीला.
जागायची गोळी संध्याकाळी, झोपायची सकाळी,
आणि झोपेत दात खाते.
कुणावर, ते तिला माहीत नाही.

टोबी घरं विकतो. शर्टाला कडक इस्त्री.
चहा नाकातून येतो, म्हणाला, आणि हसला.
टाळूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं.
डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला.
सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या त्यांच्या,
दातांचेच डॉक्टर असून.
टोबीने विचारलं, शुक्रवारच्या आत बुजवता येईल का?

मी सगळं नोंदते. माझं अक्षर चांगलं आहे.

दर दोन महिन्यांनी इचलकरंजीहून पार्सल येतं,
वर धाकटीने लिहिलेलं : दंतमंजन.
डबीत मिश्री असते.
पहाटे साडेपाचला, घरातल्या बाकीच्या पोरी उठायच्या आत,
खिडकी फटीएवढी उघडून
तर्जनी डावीकडून उजवीकडे, मग उलट.
नळ सोडून थुंकते. बेसिन दोनदा धुते.
मगच हात थरथरायचे थांबतात,
मगच मी कुणाच्या तोंडात नळी घालू शकते.

सूतगिरणीत पहिल्या पाळीआधी आईसुद्धा लावायची,
सगळ्याच बायका लावायच्या,
तोंडात बोटं घालून गेटपाशी उभ्या.
माझी दाढ दुखत होती, चौदाची होते.
तिने चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली.
थांबेल म्हणाली.
दाढ थांबली, खरंच.

मंगळवारी माझ्या मास्कचं इलॅस्टिक तुटलं.
रीस खुर्चीत आडवा, मी वाकलेली,
माझे दात त्याला उलटे दिसले.
तोंडात कापूस, बोलता येईना.
त्याने बोट उचललं, स्वतःच्या हिरडीला लावलं,
मग माझ्याकडे दाखवलं.
आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणतात आमच्यात.
ह्याला कसं सांगणार?
मी नळी जरा जोरात ओढली.

डॉक्टर काही बोलले नाहीत.
संध्याकाळी काउंटरवर एक फॉर्म सरकवला फक्त,
कर्मचाऱ्यांचीही तपासणी असते, वर्षातून एकदा.
तीन चौकोन.
माझं पेन चालेना.

रीस अजून टॅक्सीची वाट बघत बसलेला,
बधिर ओठातून चहा हनुवटीवर ओघळत होता.
त्याने कंपनीचं पेन पुढे केलं
आणि सांडत्या शब्दांत म्हणाला,
तू खरं लिहिणार असशील
तर माझाही परत दे.

मी ड्रॉवर उघडला.
कोऱ्या फॉर्मांच्या खाली
माझी डबी होती.